गाडीचे ब्रेक कुरकुरायला लागले की: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की आणि गणपतीला गावी निघायच्या आधी आमच्याकडे ब्रेकबद्दल हमखास प्रश्न येतात. शब्द वेगळे असतात, तक्रारी त्याच. ‘अचानक ब्रेक फेल झाला’ हे वाक्य बातम्यांत रोज वाचायला मिळतं. पण नीट चौकशी केली की बहुतेक वेळा कळतं, गाडी आधी बरेच दिवस काहीतरी सांगत होती. ते सांगणं आधी पायाला कळतं, मग कानाला आणि नाकाला. डॅशबोर्डवरचा दिवा बहुधा सगळ्यात शेवटी लागतो. खालची उत्तरं मुख्यतः पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी) आणि मागे ड्रम (चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा) असलेल्या नेहमीच्या छोट्या-मध्यम गाड्या डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

१. ब्रेक मारला की ‘चीं’ असा बारीक आवाज येतो. पॅड संपले का?

सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला येतो आणि मग जातो, असं असेल तर काळजी नको. रात्रीच्या दमटपणाने डिस्कवर गंजाचा पातळ थर धरतो, तो घासला जाताना हा आवाज येतो.

दिवसभर, दर ब्रेकला येत असेल तर पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्ट्या, बघा. बऱ्याच पॅडना एक छोटी पत्र्याची जीभ असते. पॅड ठरावीक मर्यादेपर्यंत झिजला की ती डिस्कला टेकते आणि किंचाळते. ती मुद्दाम त्यासाठीच बसवलेली असते. या टप्प्यावर पॅड बदलले तर खर्च पॅडपुरताच राहतो. काच वर, एसी चालू, गाणी चालू अशा अवस्थेत हा आवाज ऐकूच येत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा तरी काच खाली करून, भिंतीच्या कडेने हळू गाडी चालवत ब्रेक मारून ऐका.

२. आता ‘चीं’ नाही, खर्र-खर्र असा घासल्याचा आवाज येतो. गावी जाऊन आल्यावर दाखवलं तर चालेल?

नाही चालणार. पॅडचा मसाला (घासणारा थर) संपून मागची लोखंडी पट्टी डिस्कवर घासते आहे, असंच आधी धरून चला. ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, डिस्कवर चरे पडतात आणि जे काम पॅडवर भागलं असतं ते डिस्कपर्यंत जातं. क्वचित डिस्क आणि तिच्या मागच्या पातळ पत्र्यात खडा अडकल्यानेही असाच आवाज येतो, पण तो ब्रेक न मारताही येत राहतो. कुठलंही असलं तरी गाडी आधी गॅरेजला.

३. गॅरेजला न जाता पॅड किती उरलेत हे बघता येतं का?

अलॉय व्हील असेल तर बऱ्यापैकी येतं. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि चाकाच्या फटींतून कॅलिपरकडे (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) बघा. चकचकीत डिस्कला चिकटून एक काळपट-करडा थर दिसेल आणि त्याच्या मागे लोखंडी पट्टी. नव्या पॅडवर हा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. ३ मिलिमीटरवर आला की बदला. दोन एक रुपयाची नाणी एकावर एक ठेवा, जवळपास तेवढी जाडी.

यात एक गोम आहे. बाहेरून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला पॅड बऱ्याचदा जास्त झिजलेला असतो, विशेषतः कॅलिपरच्या पिना ग्रीस सुकून अडकल्या असतील तर. त्यामुळे बाहेरचा चांगला दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. सर्व्हिसिंगला चाक काढलेलं असेल तेव्हा आतला दाखवायला सांगा. मागच्या ड्रममधले लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) तर ड्रम उघडल्याशिवाय दिसतच नाहीत, आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.

पॅड किती किलोमीटर टिकतात, याला एक उत्तर नाही. हायवेवर धावणाऱ्या गाडीचे आणि ठाणे-अंधेरी रोज करणाऱ्या गाडीचे पॅड यांत दुपटीचा फरक पडू शकतो.

४. पेडल मऊ लागतं. एकदा दाबलं तर खूप खाली जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर घट्ट लागतं. हे काय?

दोन शक्यता जास्त. पहिली, ब्रेकच्या नळ्यांमध्ये हवा शिरली आहे. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत न पोचता हवेतच जिरतो. अलीकडे ब्रेकचं काम केलं असेल आणि हवा नीट काढली नसेल तर हमखास असं होतं. पण काम न करताच हवा आली असेल तर कुठून तरी गळती आहे, नुसती हवा काढून भागायचं नाही.

दुसरी शक्यता, मागचे लायनर झिजले आहेत आणि ड्रममधला आपोआप जुळवून घेणारा अ‍ॅडजस्टर गंजून बसला आहे. मग पहिल्या दाबात लायनर ड्रमपर्यंत पोचण्यातच पेडलचा प्रवास संपतो.

घाट उतरल्यावरच मऊ होतं आणि गाडी थंड झाली की पूर्ववत होतं, असं असेल तर प्रश्न ११ वाचा.

५. सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून उभा असतो तेव्हा पेडल हळूहळू खाली सरकतं. चालताना मात्र ब्रेक ठीक लागतात.

या यादीतली सगळ्यात फसवी तक्रार हीच, कारण ‘चालताना ठीक लागतात’ म्हणून माणूस पुढे ढकलतो. इंजिन चालू ठेवून, सपाट जागी, पेडल मध्यम जोराने दाबून अर्धा मिनिट तसंच धरा. सरकत सरकत तळाला जात असेल तर एकतर बाहेर कुठेतरी ऑइल गळतं आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा पंप) आतली रबरी सीलं गेली आहेत. दुसऱ्या प्रकारात बाहेर थेंबही दिसत नाही आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळीही कमी होत नाही. गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला बोलवा.

इंजिन सुरू करताना, पाय ब्रेकवर असताना पेडल एकदाच जरा खाली जातं, ते मात्र बरोबर आहे. का, ते पुढच्या उत्तरात.

६. पेडल एकदम कडक झालंय. दाबायला दोन्ही पाय लागतील असं वाटतं.

ब्रेक बूस्टरकडे बघा. पेडलच्या पुढे, इंजिनच्या बाजूला मोठा गोल डबा असतो तो. इंजिनच्या ओढीने, डिझेल गाडीत वेगळ्या पंपाने, त्यात निर्वात तयार होतो आणि आपल्या पायाला जोर मिळतो. त्याचा पाइप तडकला किंवा आतला पडदा फाटला की सगळा जोर आपल्यालाच लावावा लागतो. ब्रेक लागतात, पण उशिरा.

घरी करायची तपासणी अशी: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक होईल. मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल बोटभर खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. हललंच नाही, तर नाही.

उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणारे महाभाग अजून आहेत. इंजिन बंद झालं की साठलेल्या निर्वातात एक-दोन ब्रेक नीट लागतात, तिसऱ्याला हे कडक पेडल वाट्याला येतं.

७. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. अलाइनमेंट कालच केली आहे.

ब्रेक न मारताही ओढत असेल तर आधी टायरमधली हवा तपासा. फक्त ब्रेक मारल्यावरच ओढत असेल तर अलाइनमेंटवर आणखी पैसे घालू नका. एका बाजूचा ब्रेक जास्त किंवा दुसऱ्या बाजूचा कमी लागतोय: अडकलेला कॅलिपर, आतून फुगलेला रबरी होज, किंवा पॅडवर लागलेलं ग्रीस वा ऑइल. गाडी डावीकडे ओढत असली तरी बिघाड उजवीकडचा असू शकतो, म्हणून दोन्ही चाकं उघडून बघायला हवीत. आणि पॅड नेहमी जोडीनेच बदलायचे. एका बाजूला नवे, दुसरीकडे जुने ठेवले की हीच तक्रार पुन्हा येते.

८. ८०-९० च्या वेगात ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं.

ब्रेक न मारताच थरथरत असेल तर चाकांचं बॅलन्सिंग. ब्रेक मारतानाच थरथरत असेल तर पुढच्या डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. गॅरेजच्या बोलीत ‘डिस्क बेंड झाली’. थरथर स्टिअरिंगऐवजी सीटमध्ये जाणवत असेल तर मागचे ड्रम संशयित.

तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारणं हे यामागचं एक नेहमीचं कारण आहे. घाट उतरून आल्या आल्या गाडी वॉशिंगला लावू नका. लेथवर टर्निंग करून (यंत्रावर तासून) डिस्क सपाट करता येते, पण मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा प्रश्न १७ मध्ये.

९. डॅशबोर्डवर कधी लाल दिवा लागतो, कधी पिवळा. कुठल्याला घाबरायचं?

लाल वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला दिवा म्हणजे एकतर हँडब्रेक पूर्ण सुटलेला नाही किंवा ब्रेक ऑइल कमी आहे. हँडब्रेक खाली आहे आणि तरी दिवा आहे, तर गाडी बाजूला घ्या. वळणावर किंवा चढावर लुकलुकून जातो, असं असेल तर ऑइल किमान रेषेजवळ आलंय आणि टाकीत हेलकावलं की दिवा लागतो.

पिवळा एबीएसचा दिवा म्हणजे साधे ब्रेक शाबूत आहेत, पण जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होण्यापासून वाचवणारी यंत्रणा बंद आहे. सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. दोन्ही दिवे एकदम लागले तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणाही गेलेली असू शकते. अशी गाडी ओढूनच न्या.

१०. ब्रेक ऑइल कमी झालंय. वरून भरलं की झालं ना?

कमी का झालं, हे आधी बघा. पॅड झिजत जातात तसे कॅलिपरमधले पिस्टन (पॅडला ढकलणारे दट्टे) पुढे सरकतात आणि टाकीतली पातळी हळूहळू खाली येते. म्हणजे कमी झालेलं ऑइल हा बऱ्याचदा झिजलेल्या पॅडचा पुरावा असतो. वरून भरून ठेवलंत तर पुरावा पुसला जातो, आणि नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलले की ऑइल बाहेर सांडतं. ते गाडीचा रंग खातं.

आठवड्याभरात पातळी उतरली असेल तर गळती आहे. चाकांची आतली बाजू, पेडलच्या वरचा भाग, बूस्टर आणि मास्टर सिलिंडरचा जोड, एवढ्या ठिकाणी ओल शोधा.

घाईत इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल चुकूनही घालू नका. सगळी रबरी सीलं फुगतात, आणि मग टाकीपासून चाकापर्यंतचं रबर बदलावं लागतं.

११. ब्रेक ऑइल स्वच्छ दिसतंय. तरी दर दोन वर्षांनी बदला म्हणतात. गॅरेजवाल्यांचा धंदा?

या बाबतीत मी गॅरेजवाल्यांच्या बाजूने आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि कोकणातली किंवा मुंबईतली हवा म्हणजे विचारायलाच नको. नवं कोरडं डॉट ३ (डॉट ३, ४ या ब्रेक ऑइलच्या प्रती) किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्याची हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. सपाट रस्त्यावर फरक कळत नाही. आंबोली किंवा कुंभार्ली उतरताना ब्रेक तापतात, ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. खाली येऊन चहा होईपर्यंत वाफ विरते, पेडल पुन्हा घट्ट, आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही. ‘घाटातच होतं, एरवी नाही’ ही तक्रार जुन्या ऑइलची.

टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असेल तेच ऑइल घ्या. डॉट ५ हा नंबर मोठा दिसतो म्हणून भरू नका. ते सिलिकॉनचं असतं, डॉट ३-४ मध्ये मिसळत नाही. मागच्या वर्षीची उघडलेली अर्धी बाटलीही वापरू नका, तिनेही ओल घेतलेली असते.

१२. घाट उतरताना जळका वास येतो. कुणी म्हणतं क्लच, कुणी म्हणतं ब्रेक.

ढोबळ खूण: चढताना आला तर क्लच, उतरताना आला तर ब्रेक. पूर्ण उतारभर पाय हलकेच ब्रेकवर ठेवून येणाऱ्यांना हा वास ठरलेला. पॅड सतत घासत राहतात, थंड व्हायला उसंत मिळत नाही, आणि एका मर्यादेनंतर पेडल घट्ट असूनही गाडी थांबेनाशी होते. मऊ पेडलपेक्षा हे वेगळं; इथे ऑइल नाही, पॅडच दमलेले असतात.

ट्रकवाल्यांचा जुना नियम आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. गाडी इंजिनने धरायची, वेग वाढला की ब्रेक ठामपणे मारायचा, वेग उतरला की पाय पूर्ण उचलायचा. पाच माणसं, डिकी भरलेली आणि वर कॅरिअरवर सामान, अशी गावाला निघालेली गाडी असेल तर एक गिअर आणखी खाली.

वास आलाच तर सुरक्षित रुंद जागा बघून थांबा, आंधळ्या वळणावर नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा, अर्धा तास जाऊ द्या. पाणी मारू नका.

सपाट रस्त्यावर एकाच चाकाकडून वास येत असेल तर ते चाक जाम धरतंय. चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, हात लावायचा नाही. एक चाक इतरांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर कॅलिपर किंवा हँडब्रेकची केबल अडकली आहे.

१३. उतारावर न्यूट्रल केलं तर पेट्रोल वाचतं ना? आणि ऑटोमॅटिक गाडीत गिअर कसा धरायचा?

आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे वाचत नाही, वर सगळा भार ब्रेकवर.

ऑटोमॅटिकमध्ये नुसतं ‘डी’ वर उतरू नका. ‘एल’, ‘२’, ‘एस’ किंवा हाताने गिअर बदलण्याची सोय, जे असेल ते वापरा.

१४. पावसात किंवा पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रेक लागत नाहीत. आणि महिनाभर उभी होती तर चाकच हलेना.

पाण्यातून बाहेर आल्यावर मागे कुणी नाही बघून, हळू वेगात ब्रेक दोन-चारदा हलकेच मारा, म्हणजे पॅड कोरडे होतात. ड्रममध्ये पाणी जास्त वेळ राहतं. चिखलाचं पाणी असेल तर ड्रम उघडून साफ करून घ्या.

उभ्या गाडीची गोष्ट वेगळी. दमट हवेत हँडब्रेक ओढून गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की लायनर ड्रमला चिकटतो. जोरात रेस देऊन सोडवायला गेलात तर मसाला शूपासून (ज्या लोखंडी पट्टीवर तो चिकटवलेला असतो) सुटू शकतो. हळूच पुढे-मागे करून बघा, नाही सुटलं तर मेकॅनिक ड्रम ठोकून सोडवेल. लांब मुक्कामाला जाताना सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये, चाकांना दगड लावून, हँडब्रेक न ओढता गाडी ठेवा.

१५. हँडब्रेक पार वरपर्यंत ओढावा लागतो. केबल घट्ट केली की झालं?

आधी मागचे लायनर बघा. ते झिजलेले असताना केबल घट्ट करणं म्हणजे लक्षण लपवणं. गाडीच्या पुस्तिकेत किती ‘कट-कट’ आवाजांत हँडब्रेक लागायला हवा ते दिलेलं असतं.

१६. इलेक्ट्रिक गाडी आहे, ब्रेक क्वचितच लागतात. मग काळजी कशाला?

उलटीच अडचण होते. मोटरच गाडी धीमी करते, त्यामुळे पॅड वर्षानुवर्षं टिकतात, पण न वापरलेल्या डिस्कवर गंज चढतो. अधूनमधून मोटरची ब्रेकिंग कमी करून साधे ब्रेक ठामपणे वापरा. ब्रेक ऑइलला मात्र वयाचा नियम इथेही लागू (प्रश्न ११).

घाटमाथ्यावर मुक्काम करून बॅटरी १०० टक्के भरून खाली उतरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घ्यायला जागा नसते, म्हणून मोटरची ब्रेकिंग कमी होते किंवा बंद पडते. सवयीने अ‍ॅक्सिलरेटर सोडता आणि गाडी धीमी होत नाही. महाबळेश्वरहून निघताना ८०-९० टक्क्यांवर थांबलात तर उतारावरची वीज घ्यायला बॅटरीत जागा राहील.

१७. मेकॅनिक म्हणतो, पॅडबरोबर डिस्कही बदला. खरं कसं ओळखायचं?

मोजून दाखवायला सांगा. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर किमान जाडी बहुधा कोरलेली असते. मापाने त्याखाली गेली असेल तर बदलायलाच हवी, टर्निंग करूनही ती खाली जाणार असेल तरी. नखाला लागेल अशी उंच कड आणि खोल चरे असतील तर त्याचं म्हणणं रास्त आहे. नुसता वरवरचा गंज दाखवत असेल तर दुसरीकडे विचारा. जुने पार्ट परत मागा. पॅडची धूळ हवेच्या पाइपने तोंडासमोर उडवत असेल तर लांब उभे राहा.

१८. पीयूसी आहे, सर्व्हिसिंग वेळेवर आहे. ब्रेक तपासलेलेच असणार ना?

पीयूसीत फक्त धूर बघतात. खाजगी गाडीची आरटीओकडची फिटनेस तपासणी पहिल्यांदा होते ती १५ वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणाला. मधल्या काळात सरकार तुमचे ब्रेक बघत नाही. सर्व्हिसिंगच्या बिलावर ‘ब्रेक चेक’ लिहिलेलं असलं तरी ड्रम उघडले का, हे विचारा.

१९. जोरात ब्रेक मारला तेव्हा पेडल पायाखाली कडकडलं. घाबरून पाय काढला.

ते एबीएस होतं. भारतात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. कडकडाट जाणवला तर पाय तसाच दाबून ठेवा आणि स्टिअरिंगने वाट काढा. साध्या, कोरड्या रस्त्यावर हलक्या ब्रेकलाही कडकडत असेल तर चाकाजवळचा सेन्सर तपासा.

२०. चालत्या गाडीत ब्रेक खरंच गेला तर?

आधी पेडलखाली बघू नका, पायाने चाचपा. पाण्याची बाटली किंवा सरकलेलं मॅट अडकलेलं असतं. मग पेडल भराभर पंप करा आणि शेवटी तळापर्यंत जोरात दाबा. ब्रेकच्या नळ्या दोन वेगळ्या गटांत असतात, एक गेला तरी दुसरा खूप खाली, पण लागतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणा. हँडब्रेक बटण दाबून ठेवत, हळूहळू ओढा. एकदम ओढलात तर मागची चाकं घसरतील. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत ते ओढून धरलं की गाडी थांबते. हॉर्न आणि दिवे चालू. किल्ली काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल. घाटात दुसरा उपाय नसेल तर दरीपासून लांब, डोंगराच्या बाजूला गाडी घासत न्या. थांबल्यावर ११२ ला फोन. गाडी पुन्हा सुरू करून ‘आता लागतोय वाटतं’ म्हणून पुढे निघू नका.

२१. कालच नवे पॅड टाकले आणि ब्रेक आधीपेक्षा कमी लागतात!

पॅड टाकताना पिस्टन मागे ढकललेले असतात, म्हणून गॅरेजच्या बाहेर निघण्याआधीच, गाडी उभी असताना, पेडल घट्ट होईपर्यंत पंप करायचं. हे विसरलं तर पहिला ब्रेक रिकामा जातो. त्यापुढे नवे पॅड आणि जुनी डिस्क एकमेकांवर बसायला दोन-तीनशे किलोमीटर जातात. तोवर मध्यम ब्रेक मारा, अंतर राखा, घाटाचा बेत ठेवू नका. गणपतीला जायचं असेल तर पॅड आदल्या दिवशी नाही, पंधरा दिवस आधी बदला. तेवढ्या दिवसांनीही कमीच लागत असतील तर पॅडवर ग्रीस लागलंय का किंवा हवा राहिली आहे का, ते बघायला गाडी त्याच गॅरेजला परत न्या.